फुप्फुसातील गुठळी आणि रक्ताचे रिपोर्ट : जोखीम कशी जोखतात



करोनाच्या दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत एक नवा शब्द शिरला : डी-डायमर. त्याआधी डॉक्टर मंडळींखेरीज तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता. त्या दोन महिन्यांत मात्र किराणा दुकानदारापासून मास्तरांपर्यंत सगळे एकमेकांना फोनवर विचारत होते, "डी-डायमर किती आला?" लाट ओसरली, शब्द राहिला. आता कोणाला दम लागला, छातीत दुखले, की काही जण स्वतःच पॅथॉलॉजीत जाऊन ही तपासणी करून घेतात. आकडा मोठा दिसला की घरभर घबराट, आणि लहान दिसला की सगळे निर्धास्त. हा रिपोर्ट नेमका कशासाठी असतो आणि कशासाठी नसतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि नोकरीतली बरीच वर्षे कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. त्यामुळे 'जोखीम' हा एक शब्द तेवढा माझ्या चांगल्या ओळखीचा. फुप्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णाची जोखीम डॉक्टर रक्ताच्या तपासण्यांवरून कशी ठरवतात, हे वाचत-विचारत गेलो तेव्हा मला पावलोपावली कर्जाची फाईल आठवली. म्हणून हा लेख. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा. त्यांच्यासमोर बसल्यावर त्यांचे बोलणे आपल्याला समजावे, एवढाच माझा हेतू आहे.

गुठळी येते कोठून?

या आजाराला पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. बहुतेक वेळा गुठळी फुप्फुसात तयार होत नाही, ती पायातून येते. पिंडरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्त साकळते, त्या गुठळीचा तुकडा सुटतो, रक्ताबरोबर वर चढत हृदयाच्या उजव्या बाजूत येतो आणि तेथून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत जाऊन अडकतो. पाय दीर्घकाळ हलला नाही, मोठे ऑपरेशन झाले, कॅन्सर असला, बाळंतपण झाले, की ही शक्यता वाढते.

आपल्याकडची उदाहरणे द्यायची तर दूर जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. ज्याचे पायाचे हाड मोडते त्याच्या पायाला प्लास्टर चढते आणि तो काही आठवडे खाटेवर पडून राहतो. असा पाय म्हणजे गुठळीला अनुकूल जागा. दुसरे उदाहरण बाळंतिणीचे. सव्वा महिना तिला बाजेवरून उतरू न देण्याची रीत अजून कित्येक घरांत आहे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा गुठळीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ, आणि नेमके तेव्हाच आपण तिला झोपवून ठेवतो. शेक-शेगडी जरूर करा, पण तिला घरात हिंडू-फिरू द्या. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला २०१७ साली बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी दम लागला. तिला आधी एकदा हा आजार होऊन गेला होता, म्हणून तिने स्वतःच सीटी स्कॅनचा आग्रह धरला आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगप्रसिद्ध खेळाडूला आग्रह धरावा लागला, तेथे आपल्या सुनाबाळींनी "जरा दम लागतो" म्हटले तर घरच्यांनी ते किती कान देऊन ऐकायला हवे!

आता मुख्य गोष्ट. या आजारात जीव जातो तो बहुधा हृदयाची उजवी बाजू थकल्यामुळे. हृदयाचा डावा कप्पा जाड स्नायूंचा असतो, साऱ्या शरीराला रक्त पुरवायचे म्हणून १२० च्या दाबाने काम करतो. उजव्या कप्प्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत रक्त ढकलायचे असते. तेथला दाब २५ च्या आसपास, म्हणून त्याची भिंतही पातळ. अशा कप्प्यासमोर अचानक गुठळी आडवी आली की त्याची अवस्था संत्र्याच्या बगीच्यातल्या मोटरीसारखी होते. पुढची नळी चोंदली, मोटर चालूच आहे, पाणी जात नाही, मोटर तापते. थोडा वेळ ती ओढून नेते. किती वेळ, हा प्रश्न असतो.

रक्ताच्या तपासण्यांची खरी कामगिरी येथे आहे. रुग्णाचे ब्लडप्रेशर ठीक आहे, तो बोलतो आहे, चहा मागतो आहे, पण आतला उजवा कप्पा तापलेल्या मोटरीसारखा झाला आहे का? वरून दिसत नाही, रक्तातून मात्र थोडेफार कळते.

डी-डायमर : फाईल बंद करण्याचा कागद

पहिल्यांदा डी-डायमरचा निकाल लावू, कारण गैरसमज त्याच्याबद्दल सर्वाधिक आहेत. रक्त साकळताना फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते. शरीर ती जाळी पुन्हा तोडते तेव्हा जे तुकडे रक्तात येतात त्यांतला एक म्हणजे डी-डायमर. म्हणजे शरीरात कोठेतरी साकळणे आणि विरघळणे चालू आहे, एवढेच तो सांगतो. कोठे, ते सांगत नाही. न्यूमोनिया, कॅन्सर, गरोदरपण, ऑपरेशन, मोठी जखम, इतकेच काय नुसते वय वाढले तरी तो वाढतो. घोणस चावलेल्या माणसातही तो खूप वाढतो.

म्हणून हा आकडा वाढलेला असला तर गुठळी आहेच असे नाही. उलट बाजूने मात्र तो फार कामाचा. डॉक्टरांनी तपासून 'शक्यता कमी' किंवा 'मध्यम' असे ठरवले आणि चांगल्या पद्धतीने केलेला डी-डायमर मर्यादेच्या आत आला, तर गुठळीचा विषय बहुधा तेथेच संपतो आणि सीटी स्कॅन वाचतो. आमच्या भाषेत हे 'नो ड्यूज सर्टिफिकेट'. ते असले तर फाईल बंद. नसले तर कर्ज बुडीत आहे असा अर्थ होत नाही, पुढे चौकशी करायची एवढेच. आणि डॉक्टरांना लक्षणांवरून शक्यता दाट वाटत असेल, तर डी-डायमरच्या नादी न लागता सरळ सीटी अँजिओग्राफी करतात.

नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वय गुणिले दहा असा सोपा हिशेब २०१४ च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासानंतर रूढ झाला. माणूस ६८ वर्षांचा असेल तर मर्यादा ६८०. आपल्या मंडळातले निम्मे सभासद या हिशेबात बसतात! मात्र एकक बघायला विसरू नका. एक प्रयोगशाळा ०.५ लिहिते, दुसरी ५००, आणि दोन्ही एकच असू शकतात, कारण एकीकडे मायक्रोग्रॅम आहे, दुसरीकडे नॅनोग्रॅम. शिवाय 'एफईयू' आणि 'डीडीयू' अशी दोन मापे आहेत. एफईयूमधले ५०० म्हणजे डीडीयूमधले साधारण २५०. वयाचा हिशेब एफईयूमधल्या नॅनोग्रॅमलाच लागू पडतो. बॅलन्सशीटच्या कोपऱ्यात 'आकडे लाखांत' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते न वाचता फाईल पुढे सरकवली तर काय होते, हे बँकवाल्यांना सांगायला नको.

डी-डायमरचा विषय येथे संपला. गुठळी सीटीवर एकदा नक्की दिसली, की रुग्णाला धोका किती हे ठरवायला तो आकडा फारसा उपयोगी नाही. तेथून पुढे दुसरे दोन रिपोर्ट कामाला येतात.

ताण आणि इजा

एक आहे बीएनपी, किंवा त्याचेच भावंड एनटी-प्रोबीएनपी. हृदयाचा कप्पा ताणला गेला, फुगला, की त्याचे स्नायू हा पदार्थ रक्तात सोडतात. म्हणजे हा ताणाचा निर्देशक. फुप्फुसातल्या गुठळीच्या रुग्णांत एनटी-प्रोबीएनपी ६०० पिकोग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टर सावध होतात. तो ५०० च्या खाली असेल आणि बाकी सारे ठीक असेल तर रुग्ण लवकर घरी जाऊ शकेल, असा दिलासा मिळतो. पण जुना हृदयविकार, किडनीचा विकार, अनियमित ठोके, उतारवय, यांतही तो वाढलेला असतो. ज्या काकांना पाच वर्षांपासून हृदयाची गोळी चालू आहे त्यांचा १२०० आला, तर त्यातला नवा किती आणि जुना किती हे ठरवावे लागते. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.

दुसरा ट्रोपोनिन. तो हृदयाच्या स्नायूंच्या आतच राहणारा पदार्थ आहे. स्नायूला इजा झाली तरच बाहेर रक्तात येतो. हार्ट अटॅकच्या निदानासाठी तो करतात हे बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे फुप्फुसातल्या गुठळीच्या रुग्णाचा ट्रोपोनिन वाढला की नातेवाईक विचारतात, "म्हणजे अटॅकही आला का?" तसे नाही. येथे नळी हृदयाची चोंदलेली नसते. उजवा कप्पा ओढून-ओढून जखमी होत असतो. बीएनपी वाढला म्हणजे खातेदाराची ओढाताण सुरू झाली, ट्रोपोनिन वाढला म्हणजे चेक परत आला, असे मी माझ्यापुरते लक्षात ठेवले आहे.

ट्रोपोनिनला किती वजन द्यायचे? इटलीतील संशोधकांनी तोवरचे २० अभ्यास एकत्र करून २००७ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात हिशेब मांडला. एकूण १,९८५ रुग्ण. ज्यांचा ट्रोपोनिन वाढलेला होता अशा ६१८ पैकी १२२ जण दगावले, म्हणजे १९.७ टक्के. ज्यांचा वाढलेला नव्हता अशा १,३६७ पैकी ५१ दगावले, म्हणजे ३.७ टक्के. फरक पाचपटींहून अधिक. पण हाच ताळेबंद दुसऱ्या बाजूनेही वाचा. ट्रोपोनिन वाढलेल्या ६१८ पैकी ४९६ जण वाचले. आणि 'नॉर्मल' असलेल्यांतही ५१ कुटुंबांत माणूस गेला. म्हणून एकट्या ट्रोपोनिनवर ना हाय खावी, ना पेढे वाटावेत. (यात आधीच प्रकृती ढासळलेले रुग्णही होते, आणि तेव्हापासून तपासण्या व औषधे दोन्ही सुधारली आहेत, हेही ध्यानात असू द्या.)

आणखी दोन बारकावे. लक्षणे सुरू झाल्याबरोबर काढलेल्या रक्तात ट्रोपोनिन दिसत नाही असे होऊ शकते, म्हणून काही तासांनी पुन्हा करतात. "परत रक्त काढले, पैसे उकळतात" असे लगेच म्हणू नये. आणि नव्या अतिसंवेदनशील पद्धतीच्या ट्रोपोनिन-टीची मर्यादा ७५ वर्षांखालील रुग्णांसाठी १४ पिकोग्रॅम आणि ७५ किंवा त्याहून अधिक वयासाठी ४५ अशी धरतात. ट्रोपोनिन-आयचे आकडे वेगळे, कंपनीगणिक वेगळे. शेजाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा ताडून पाहण्यात काही हशील नाही.

तिसरे नाव लॅक्टेट. अवयवांना रक्त पुरेसे पोचत नसले की ते वाढते. २ मिलिमोलच्या वर गेले तर ब्लडप्रेशर अजून पडलेले नसले तरी आतून ओढ लागली आहे असे समजतात. कोपेप्टिन, एच-एफएबीपी अशीही नावे संशोधनात येतात. आपल्या भागात ती विचारण्यात अर्थ नाही.

बिनपैशाचे सहा प्रश्न

एवढे सगळे रिपोर्ट बाजूला ठेवले तरी जोखमीचा पहिला अंदाज फुकटात करता येतो, आणि हे मला सर्वांत आवडले. स्पेनमधील डॉक्टरांनी २०१० साली सहा प्रश्नांची एक सोपी गुणपद्धती मांडली. वय ८० च्या वर आहे का. कॅन्सर आहे किंवा होता का. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार आहे का. नाडी ११० किंवा जास्त आहे का. वरचे ब्लडप्रेशर १०० च्या खाली आहे का. बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० च्या खाली आहे का. प्रत्येक 'होय'ला एक गुण. शून्य गुण असलेल्यांत तीस दिवसांत सुमारे १ टक्का रुग्ण दगावले. एक किंवा अधिक गुण असलेल्यांत सुमारे ११ टक्के. करोनाच्या कृपेने ऑक्सिमीटर आता पुष्कळ घरांत आहे, बीपीचे मशीन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आहे. म्हणजे हा अंदाज पांढुर्ण्यातच काय, पांढुर्ण्याजवळच्या खेड्यातही करता येतो.

मात्र शून्य गुण म्हणजे अभयपत्र नव्हे. गुण शून्य, पण ट्रोपोनिन वाढलेला किंवा उजवा कप्पा फुगलेला, असा रुग्ण मधल्या गटात धरावा, असे युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

त्या सूचनांप्रमाणे गट असे पडतात. ज्याचे ब्लडप्रेशर ९० च्या खाली गेले आहे, शॉक आहे किंवा हृदय बंद पडून पुन्हा सुरू केले आहे, तो अति जोखमीचा. त्याला ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबवायचे नसते, गुठळी विरघळवणारे औषध लगेच द्यायचा विचार होतो. ज्याचे सारे काही ठीक, तो कमी जोखमीचा. आणि या दोहोंच्या मध्ये मोठा गट आहे, ब्लडप्रेशर ठीक पण काही ना काही खटकते असा. त्याचे पुन्हा दोन भाग. इकोत किंवा सीटीत उजवा कप्पा थकलेला दिसतो आणि ट्रोपोनिनही वाढलेला आहे, दोन्ही एकदम, तर 'मध्यम-वरचा'. दोहोंपैकी एकच किंवा एकही नाही, तर 'मध्यम-खालचा'.

बँकेत काम केलेल्यांना हा 'मध्यम-वरचा' गट लगेच कळेल. खाते अजून एनपीए झालेले नाही, कागदोपत्री 'स्टँडर्ड' आहे, पण हप्ता साठ दिवसांवर थकला आहे. आम्ही त्याला एसएमए-२ म्हणत असू. अशा खात्यावर जप्ती आणत नाहीत, पण त्याच्यावरची नजरही काढत नाहीत.

मग सगळ्यांनाच विरघळवणारे औषध का देत नाहीत?

हा प्रश्न आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. टेनेक्टेप्लेज हे औषध तर आपल्या पुण्यात जेनोव्हा कंपनी बनवते, मिळतेही. मग हात का आखडता?

याचे उत्तर युरोपातील एका मोठ्या चाचणीने दिले. तिचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. ब्लडप्रेशर ठीक, पण उजवा कप्पा थकलेला आणि ट्रोपोनिन वाढलेला, असे हजारावर रुग्ण घेतले. सर्वांना रक्त पातळ करणारे हेपॅरिन दिले, त्यांतल्या निम्म्यांना शिवाय टेनेक्टेप्लेज दिले. पहिल्या सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणे यांचे प्रमाण टेनेक्टेप्लेज घेतलेल्यांत २.६ टक्के, न घेतलेल्यांत ५.६ टक्के. येथवर वाचले तर औषध द्यावेच असे वाटते. पण मेंदूचा झटका टेनेक्टेप्लेज घेतलेल्यांत २.४ टक्के, न घेतलेल्यांत ०.२ टक्के. मेंदूखेरीज इतर मोठा रक्तस्राव ६.३ टक्के, विरुद्ध १.२ टक्के. आणि निव्वळ मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक नाही. म्हणजे एका खिशात पडले ते दुसऱ्या खिशातून गेले. म्हणून मध्यम-वरच्या गटाला सरसकट ते औषध देत नाहीत. रक्त पातळ करणारे इंजेक्शन देतात, पहिले दोन-तीन दिवस मॉनिटरवर ठेवतात, आणि प्रकृती ढासळू लागली तरच विरघळवणाऱ्या औषधाकडे किंवा कॅथेटरच्या उपायांकडे वळतात.

तेव्हा "डॉक्टर काहीच करत नाहीत, नुसते बघत बसले आहेत" अशी तक्रार करण्याआधी लक्षात घ्या की या आजारात बघत बसणे हाही उपचाराचा भाग आहे, आणि तो कोणासाठी करायचा हे ट्रोपोनिन आणि इको मिळून ठरवतात.

नागपूरला न्यायचे की नाही

आपल्यासाठी प्रश्न येथे येऊन ठेपतो. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, पण मोठा दवाखाना म्हटले की गाडी अजून नागपूरकडेच वळते. पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून सत्तरच्या आसपास. दीड-दोन तासांच्या त्या वाटेत रुग्णाचे ब्लडप्रेशर पडले तर रुग्णवाहिकेत काय असणार आहे, याचा विचार निघण्यापूर्वी व्हायला हवा.

माझे मत असे की जोखीम ठरवण्याचा सर्वांत मोठा उपयोग मोठ्या शहरातल्या दवाखान्यापेक्षा आपल्यासारख्या गावाला आहे. शहरात चूक झाली तर आयसीयू एक मजला वर असतो. आपल्याकडे मध्ये घाट, फाटक आणि रात्र असते. म्हणून मध्यम-वरच्या गटातला रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी दिवसाउजेडी, ऑक्सिजन आणि माणूस सोबत देऊन, आधी फोन करून पुढे पाठवावा. ढासळल्यावर नव्हे. याउलट, गुण शून्य, उजवा कप्पा नीट, ट्रोपोनिन नॉर्मल अशा रुग्णाला उगाच नागपूरच्या आयसीयूत नेऊन कुटुंबाला कर्जात लोटण्याचे कारण नाही. त्याला येथल्या डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्यांवर ठेवता येते. फक्त घरी सोडताना एक प्रश्न विचारावा, जो कोणत्याही परदेशी गुणपद्धतीत नसतो : रात्री दोन वाजता त्रास झाला तर या घरापासून रस्त्यापर्यंत गाडी येते का? येत नसेल तर दोन दिवस जास्त दवाखान्यात राहिलेले बरे.

शंका दाट असेल तर डॉक्टर सीटीची वाट न पाहता रक्त पातळ करणारे पहिले इंजेक्शन येथेच देऊन टाकतात. त्याची वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना ती पहिली हवी असते. ईसीजी, ट्रोपोनिनचा आकडा आणि रक्त काढल्याची वेळ, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, चालू गोळ्या, मागच्या काही महिन्यांतले ऑपरेशन, पूर्वीचा लकवा किंवा पोटातला रक्तस्राव, हे सगळे एका फाईलमध्ये असावे. सीटी झाला असेल तर त्याची सीडी न्या, आणि उजव्या कप्प्याची डाव्याशी तुलना रिपोर्टमध्ये लिहिली आहे का ते रेडिओलॉजिस्टना विचारा. इको करणारा डॉक्टर रात्री मिळाला नाही तर तेवढ्या एका ओळीवर काम भागू शकते.

सिकल सेल असलेल्या घरांसाठी

आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट आहे आणि ती परदेशी लेखांत सापडत नाही. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात सिकल सेल आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकल सेलविषयी लिहिले, तेव्हापासून हे नोंदलेले आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे, राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्या होत आहेत, कार्डे मिळत आहेत.

सिकल सेलचा आजार असलेल्या माणसाच्या रक्तात साकळण्याची ओढ मुळातच जास्त असते, त्याला फुप्फुसातल्या गुठळीची शक्यताही अधिक. पण त्याचा डी-डायमर एरवी, काही त्रास नसतानाही, वाढलेला असू शकतो. त्यामुळे ज्या कागदाने इतरांची फाईल बंद होते तो येथे बहुधा कामाचा नाही. त्याच्या छातीत दुखले आणि दम लागला तर ते सिकलचे छातीतले संकट असेल, न्यूमोनिया असेल किंवा गुठळी असेल, आणि तिन्ही एकत्रही असू शकतात. एनटी-प्रोबीएनपीचेही तसेच. इतरांत ६०० पर्यंत फारशी काळजी करत नाहीत. सिकल सेलच्या प्रौढ रुग्णांत मात्र, एरवीच्या स्थितीतही, १६० च्या पुढचा आकडा फुप्फुसातल्या वाढलेल्या दाबाशी आणि मृत्यूच्या जास्त धोक्याशी जोडलेला आढळला, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली दाखवले. म्हणून ज्यांच्या घरी सिकल सेलचा रुग्ण आहे त्यांनी तो बरा असतानाचे हिमोग्लोबिन, किडनीचे रिपोर्ट आणि जमल्यास इको करून फाईलला लावून ठेवावे. आजारपणात काढलेला आकडा कशाशी ताडायचा, ते त्यावरून कळते. आणि दवाखान्यात गेल्याबरोबर, कोणी विचारण्याआधी, कार्ड दाखवावे. काही घरांत लग्नाच्या सोयरिकीसाठी ते लपवतात. निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नये.

शेवटी गोळ्यांबद्दल. रक्त पातळ करणारी गोळी किमान तीन महिने चालते, काहींना त्याहून अधिक. बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नये. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआरची तपासणी वेळच्या वेळी करावी. नव्या गोळ्यांना ती लागत नाही, पण किडनीची तपासणी लागते. कंबरदुखीच्या गोळ्या औषध दुकानातून स्वतःच्या मनाने आणून यात मिसळू नयेत, रक्तस्राव होतो. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला जाताना एकच गोष्ट नीट आठवून सांगावी : पूर्वी ज्या चढावर दम लागत नव्हता तेथे आता लागतो का? लागत असेल तर डॉक्टर पुन्हा इको आणि एनटी-प्रोबीएनपी करतील, कारण काही थोड्या रुग्णांत गुठळी पूर्ण विरघळत नाही, घट्ट होऊन बसते आणि उजव्या कप्प्यावरचा दाब कायमचा वाढतो. त्यावरही औषधे आहेत, ऑपरेशनही आहे, पण ते मोजक्याच केंद्रांत होते आणि तेथवर पोचायला आधी निदान व्हावे लागते.